दुसरी प्रत कोठे आहे?

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि पाहता पाहता तिने वरचे मजले वेढले. पाच माणसे प्राणास मुकली. माणसांच्या मृत्यूपुढे कागदांच्या राखेचे ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु सरकारी फायलीत कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाची जमीन, कोणाची बढती अडकलेली असते. फाईल जळाली म्हणजे त्या माणसाचा पुरावाच जळाला. म्हणूनच ‘सारे काही एकदा संगणकावर चढवा, म्हणजे चिंता मिटली’ असे म्हणणारे आज सर्वत्र भेटतात.

ही समजूत किती भाबडी आहे, हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात दिसून आले. देजॉन शहरातील सरकारी संगणक केंद्रात विद्युतघट हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेच्या वर सरकारी संगणकप्रणाली बंद पडल्या. त्यांपैकी बहुतेक कालांतराने पुन्हा सुरू होण्याजोग्या होत्या. परंतु कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविणारे ८५८ टेराबाइटचे सामायिक कोठार समूळ नष्ट झाले. त्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती. साठा इतका प्रचंड की त्याची नक्कल बाहेर ठेवणे जमले नाही, असे कारण सांगण्यात आले. जणू घर मोठे असले म्हणजे त्याला कुलूप नको! याहून विषण्ण करणारी गोष्ट पुढेच आहे. सरकारी कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता या कोठारातच ठेवावेत, असा नियम ज्या कर्मचारी व्यवस्थापन खात्याने काटेकोरपणे पाळला, त्याचेच नुकसान सर्वांत अधिक झाले. आज्ञाधारकपणाची शिक्षा कारकुनांना मिळाली. दुसऱ्या प्रतीची तजवीज मात्र वरिष्ठांनी करावयाची होती.

नक्कल असूनही नसल्यासारखी

तेव्हा नक्कल हवी, हे उघड आहे. पण केवळ नक्कल असून भागते काय? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्त्रासबूर येथे ओव्हीएच या कंपनीचे पाच मजली संगणक केंद्र जळून खाक झाले. अनेक ग्राहकांनी नकलेच्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजले होते. त्यांतील काहींना आगीनंतर कळले की, मूळ आणि नक्कल एकाच इमारतीत होती. दोन्ही एकदमच गेली. पुढे २०२३ साली फ्रेंच न्यायालयाने अशा एका ग्राहकाला भरपाई देवविली. पण भरपाईने गेलेली माहिती परत येत नाही.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, भलत्याच संगणकावरील माहिती पुसून टाकली. नकला काढण्याचे पाच मार्ग त्या कंपनीने योजिले होते. प्रसंग पडला तेव्हा एकही धडपणे कामास आला नाही. एका मार्गाने तर नक्कल निघतच नव्हती, आणि तसे कळविणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने ही सारी हकिगत न लपविता प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह आहे.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला होऊन माहिती कुलूपबंद झाली. सुदैवाने एका प्रतीला धक्का लागला नव्हता व तिच्यावरून माहिती परत मिळाली. तरीही सुमारे दोन आठवडे रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. कागद आणि लेखणी यांनीच ते रुग्णालय चालू ठेवले. माहिती वाचणे आणि काम चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातला धडा होय.

पतसंस्थेपुरता विचार

ही मोठ्यांची कथा झाली. तालुक्याच्या गावातील एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. ठेवी, कर्जाचे हप्ते, रोजकीर्द, सारे एका संगणकावर. संध्याकाळी कारकून पेन ड्राइव्हवर नक्कल घेतो आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला बाजारपेठांत पाणी शिरले. टेबलावरचा संगणक आणि खणातली नक्कल यांत पुराचे पाणी भेद करीत नाही.

अशा संस्थेने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. किती तासांचे काम पुन्हा करणे आपल्याला परवडेल? आणि किती तास दार बंद ठेवणे परवडेल? पहिल्याच्या उत्तरावरून नक्कल किती वेळा घ्यावयाची हे ठरते, दुसऱ्याच्या उत्तरावरून पर्यायी यंत्र, जागा व माणसे यांची तयारी ठरते. मूळ धरून तीन प्रती असाव्यात. एक दुसऱ्या गावी, आणि एक तारेपासून पूर्ण अलग, कारण जोडलेली प्रत हल्लेखोर मूळ प्रतीबरोबरच कुलूपबंद करतो. संकटात कोणी कोणाला कळवावयाचे, पावत्या हाताने कशा द्यावयाच्या, हे कागदावर लिहून ठेवावे. बुडालेल्या संगणकातील सूचना वाचणार कोण? आणि दर तिमाहीस नक्कल दुसऱ्या यंत्रावर चढवून ठेवींची शिल्लक जुळते का ते पाहावे. जुळली तरच ती नक्कल; एरवी ती निव्वळ समजूत.

खर्चाची सबब येथे पुढे येईल. परंतु जुनी वहीखाती सांभाळणाऱ्या पिढीने रोजकीर्दीवरून खतावणी लिहिण्याचा व्याप केला, तो हौसेखातर नव्हे. एक वही गेली तर दुसरीवरून बरेचसे उभे करता येई. तोच विवेक नव्या साधनांना लावावयाचा आहे. तो लावण्याची जबाबदारी संचालकांची आहे. अपघातानंतर रात्रपाळीच्या कारकुनाला किंवा थकलेल्या अभियंत्याला दोष देणे सोपे असते. पण एका माणसाच्या एका चुकीने संस्था बसत असेल, तर दोष त्या माणसाहून अधिक संस्थेच्या रचनेचा आहे.

काही घडले नाही अशा दिवसाबद्दल कोणाचा सत्कार होत नाही. म्हणूनच हे काम मागे पडते. ठेव पतसंस्थेची नसते, आयुष्यभर काटकसर केलेल्या शिक्षकाची असते. गुणपत्रिका विद्यापीठाची नसते, विद्यार्थ्याची असते. तेव्हा पुढील वार्षिक सभेत लाभांशाची चौकशी करून झाल्यावर सभासदांनी आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आमच्या खात्यांची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?