पाठीतली गाठ सुटते म्हणजे नेमकं काय होतं?

पाठीत उसण भरली, की आपल्याकडच्या खेड्यांत अजून कुणीतरी विचारतंच, 'गल्लीत कुणी पायाळू आहे का रे?' पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला माणूस. त्यानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा समज. मग शेजारचं दहा वर्षांचं पोर धरून आणतात, ते लाजत लाजत आजोबांच्या कमरेवर पाय ठेवतं, आणि आजोबा उठून बसतात. 'गेली की!'

हसू नका. पोर पायाळू असण्याचा यात काडीचा संबंध नाही, पण आजोबांना बरं वाटलं ते खोटं नव्हे. ते का वाटलं, हे कळलं तर पायाळूची गोष्ट फिकी पडेल.

आधी एक संत्रं सोला. प्रत्येक फोडीभोवती पातळ पापुद्रा, सगळ्या फोडींना धरून ठेवणारं पांढरं जाळं. आपलं शरीरही असंच बांधलेलं आहे. मटण निवडताना स्नायूंच्या थरांमध्ये चकचकीत पांढरी पापुद्री लागते ना, तीच. तिला फॅशिया म्हणतात. कमरेच्या खळग्यात तिचे थर एकावर एक रचलेले असतात आणि तुम्ही वाकलात, वळलात की ते एकमेकांवरून सरकतात.

2011 मध्ये हेलेन लँजविन आणि सहकाऱ्यांनी 121 माणसांच्या कमरेचे हे थर अल्ट्रासाउंडखाली सरकताना पाहिले. त्यांतले 71 जण वर्षाहून जास्त काळ कंबरदुखीनं त्रासलेले होते. त्यांचे थर निरोगी माणसांपेक्षा सुमारे 20 टक्के कमी सरकत होते! थर चिकटल्यानं दुखतं, की दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो आणि थर चिकटतात, हे मात्र या एका पाहणीवरून ठरत नाही.

म्हणजे मालिशवाला अंगठा रुतवून हे चिकटलेलं सोडवतो तर! किती सरळ उत्तर, नाही? पण ते टिकत नाही. 2008 मध्ये हंस चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून पाहिलं. तळव्याचा किंवा मांडीबाहेरचा घट्ट फॅशिया अवघा एक टक्का दाबायला जे बळ लागतं, ते हातानं चोळण्याच्या आवाक्याबाहेरचं निघालं. बरंच आहे म्हणा. अंगठ्यानं फॅशियाचा आकार बदलला असता, तर मोंढ्यात पोतं पाठीवर घेतल्याबरोबर हमालाची पाठ पुरणपोळीसारखी लाटली गेली असती.

मग हाताखाली 'गाठ विरघळली' असं दोघांनाही जाणवतं, ते काय?

त्यासाठी कातडीखाली उतरावं लागेल. तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवर पीझो-2 नावाची प्रथिनं बसलेली असतात, तीन पाती असलेल्या भिंगरीसारखी. दाब पडला, पेशीचा पडदा ताणला गेला, की भिंगरीच्या मधोमध छिद्र उघडतं, विद्युतभारित कण आत घुसतात आणि संदेश सुटतो. स्पर्श म्हणतो तो इथून सुरू होतो! आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं ही भिंगरी 2010 मध्ये शोधली आणि 2021 चं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं.

आता शर्यत बघा. दाबाचा संदेश जाड तंतूंतून सेकंदाला 35 ते 75 मीटर वेगानं धावतो. ठसठसणाऱ्या दुखण्याचा संदेश मात्र बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम मीटरभर, म्हणजे तुमच्या चालण्यापेक्षाही सावकाश. दोघांना मज्जारज्जूतून जायचं असतं. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी सांगितलं, की तिथं जणू एक दरवाजा आहे आणि स्पर्शाचे संदेश तो दुखण्यासाठी लोटून घेतात. तपशील पुढं बदलले, मूळ कल्पना टिकली. चौकटीला डोकं आपटलं की हात आपोआप तिथं जाऊन चोळायला लागतो, तो याचसाठी. ते कोणी शिकवलं होतं तुम्हाला?

याहून गोड गोष्ट पुढं आहे. काही बारीक तंतू फक्त सावकाश, मायेच्या स्पर्शाला उत्तर देतात. हात सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर फिरला तर ते सर्वांत जास्त बोलतात. आई बाळाला कुरवाळते, नेमका तोच वेग! म्हणून 'जोरात रगड, हाडं मोडली तरी चालतील' असं सांगणारे आपले लोक निम्मा फायदा घालवतात, असं माझं मत. तालमीतल्या पैलवानाची गोष्ट वेगळी. पण तुमची-माझी पाठ आखाड्यातली नव्हे.

आणि 'मणक्यात गॅप आलाय' म्हणून एमआरआयचं पाकीट उराशी धरून बसू नका. 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले, तर 52 टक्के जणांत निदान एका ठिकाणी मणक्यांमधली गादी फुगलेली सापडली. तीन महिन्यांहून जुनं दुखणं बऱ्याचदा मोडक्या भागापेक्षा हळव्या झालेल्या भोंग्यासारखं असतं. वाऱ्यानंही वाजतो.

हात तो भोंगा थोडा वेळ शांत करतो. थोडाच वेळ, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 2015 मध्ये 25 चाचण्यांचा, 3096 रुग्णांचा आढावा निघाला. त्यात मालिशनं आराम दिसला तो अल्पकाळाचा, आणि पुराव्याचा दर्जाही कमी. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून येऊन परत आडवे होऊ नका. दुखणं ओसरलंय तोवर चाला, वाका, व्यायाम करा.

मात्र पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, किंवा दुखण्याबरोबर ताप येऊन वजन घटत असेल, तर तेलाची बाटली खाली ठेवा. पायाळूही नको, मालिशही नको. त्याच दिवशी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.