डेस्कटॉप मारला, लेख वाचला

परवा एक अनुवाद करता करता मी माझ्या कामाच्या लॅपटॉपचा डेस्कटॉप मारून टाकला. चुकून नव्हे, मुद्दाम. टर्मिनलमध्ये 'किलऑल प्लाझ्माशेल' अशी दोन शब्दांची आज्ञा दिली आणि एंटर दाबलं. खालची पट्टी गेली. घड्याळ गेलं. मागचं डोंगराचं चित्र गेलं, उरला नुसता काळोख. आणि लेखाची खिडकी? ती होती तिथेच! अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यापाशी कर्सर शांतपणे लुकलुकत होता. मी ते वाक्य पुरं केलं, सेव्ह केलं, मग टर्मिनलमध्ये नुसतं 'प्लाझ्माशेल' लिहिलं. पट्टी, घड्याळ, डोंगर, सगळं परत हजर.

इतकी वर्षं मी त्या पट्टीला आणि त्या चित्रालाच कॉम्प्युटर समजत आले होते!

मग मी नेमकं मारलं काय? माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली आहे. सगळ्यात तळाशी असतो तिचा गाभा. डिस्क, कीबोर्ड, मेमरी, वाय-फाय यांच्याशी बोलणं हे त्याचं काम. डेस्कटॉप नावाची वस्तू जगात आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्या वर बसतो खिडक्या मांडणारा एक प्रोग्रॅम, माझ्याकडे त्याचं नाव केविन. हा पठ्ठ्या काय करतो बघा. प्रत्येक प्रोग्रॅम आपापली खिडकी मेमरीच्या वेगळ्या तुकड्यावर रंगवून देतो. केविन ते तुकडे एकावर एक रचतो, कुणाचा कोपरा कुणाखाली झाकायचा ते ठरवतो आणि सगळ्यांचं मिळून एक चित्र करतो. खिडकी ओढून पाहा: साध्या स्क्रीनवर त्या वेळी सेकंदाला ६० चित्रं बनत असतात, एकेका चित्राला जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद. आणि पट्टी, घड्याळ, डोंगर? तो प्लाझ्माशेल, केविनच्या दारात रांग लावून उभा असलेला आणखी एक प्रोग्रॅम, बस्स. चालू प्रयोगात नेपथ्य उचलून नेलं तरी नट संवाद म्हणत राहावेत, तसं झालं.

हा असा सुट्या भागांचा डेस्कटॉप आला कुठून? १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने एक जाहीर संदेश लिहिला. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स लावून देताना त्याने कपाळाला हात लावला होता. प्रत्येक प्रोग्रॅमचा थाट निराळा, एकाची बटणं अशी तर दुसऱ्याची तशी. साध्या माणसाला पेलेल असं एकसारखं काहीतरी करू या, या कामाला, अशी त्याने हाक दिली. त्यातून केडीई उभं राहिलं, मी मारला तो डेस्कटॉप त्यांचाच.

गंमत म्हणजे लगेच भाऊबंदकीही झाली. केडीई ज्या 'क्यूट' नावाच्या पायावर उभं होतं त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मोकळा नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या दोघांनी ग्नोमची वेगळी चूल मांडली. आज या दोन्ही चुली माझ्या एकाच लॅपटॉपवर पेटतात. लॉगिनच्या पडद्यावर एक छोटी यादी येते, त्यातलं हवं ते निवडायचं. चेहरामोहरा पार बदलतो, फायली असतात तिथेच असतात.

कामाच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवायचं म्हटल्यावर धाकधूक होतीच. पण आधी सगळी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात, लॅपटॉप बंद केला की पुसले जातात, आतल्या डिस्कला बोटही लागत नाही. मी दोन संध्याकाळी तसं खेळले आणि तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवला. युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या डीटीपी फायलींनी मात्र रडवलं. त्यांच्यासाठी जुना लॅपटॉप अजून कपाटात आहे.

भाग सुटे असले की ते घर सोडून फिरायला निघतात, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. 'सूर्य' लिहून बघा. तुम्ही र आधी लिहिता, य नंतर. मग तो र उडी मारून य च्या डोक्यावर कसा जाऊन बसतो? 'किती' मधली पहिली वेलांटी लिहायची क नंतर, दिसते क च्या आधी. समुद्राच्या दर्यात र डोक्यावर, सह्याद्रीच्या दऱ्यांत तोच पापणीसारखा आडवा. ही सगळी बसवाबसवी करणाऱ्याचं नाव हार्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे मोकळं. त्याचा मूळचा कोड ग्नोमच्या घरातही होता आणि केडीईखालच्या क्यूटमध्येही, भांडणाऱ्या दोन्ही घरांत! पुढे तो एकत्र केला गेला आणि आज अँड्रॉइडमध्येही तोच आहे. आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या 'सर्वांना' वरचा रफार त्यानेच चढवलेला असतो.

आणि केडीईवाल्यांनी स्वतःपुरतं वेबपानं मांडणारं एक इंजिन लिहिलं होतं, केएचटीएमएल. जानेवारी २००३ मध्ये अ‍ॅपलने सफारी ब्राउझर आणला तो याच इंजिनावर. त्याचं पुढे वेबकिट झालं. २००८ मध्ये गूगलने क्रोम काढला तो वेबकिट घेऊन, २०१३ मध्ये त्यातून आपली वेगळी फांदी काढली, ब्लिंक. म्हणजे लिनक्सचं तोंडही न पाहिलेला माणूस रोज केडीईच्या नातवंडा-पतवंडांच्या हातून जेवतोय!

पुरावा हवा? कुठल्याही साइटवर गेलं की ब्राउझर आधी आपली ओळख सांगतो, एका लांबलचक ओळीत. जुन्या साइट अडखळू नयेत म्हणून त्या ओळीतली जुनी नावं कुणी काढलेली नाहीत. रेल्वेचं तिकीट काढताना, बँकेचं खातं बघताना तुमचा क्रोम दरवेळी न चुकता म्हणतो, 'केएचटीएमएल, लाइक गेको'. त्यातला 'के' ट्युबिंगेनचा.