तबेल्यातली चित्रे

चित्रकार म्हटला की देवादिकांची चित्रे, नाहीतर डोंगर आणि नदी, असे आपल्या डोळ्यांपुढे येते. आज आम्ही ज्या बाईंची हकीकत सांगणार आहोत, त्यांनी चित्रे काढली ती जेवणाच्या रांगेची, संडासांची, धुळीची आणि गवत भरलेल्या गादीची. त्यांचे नाव मिने ओकुबो.

मिनेबाईंचा जन्म १९१२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात झाला. आईबाप मूळचे जपानचे, पण मिनेबाई जन्माने अमेरिकेच्या नागरिक. शाळा-कॉलेज सगळे तिकडेच झाले.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बर या अमेरिकेच्या आरमारी तळावर हल्ला केला. युद्ध जुंपले. मग लोक बोलू लागले, आपल्यातले हे जपानी तोंडावळ्याचे लोक शत्रूला फितूर असतील! १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला. त्या हुकमाच्या जोरावर पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक माणसांना लष्कराने घरांतून उठवले. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. म्हातारे, तान्ही मुले, सगळ्यांना एकच न्याय. यातली सुमारे दोनतृतीयांश माणसे मिनेबाईंसारखी अमेरिकेतच जन्मलेली होती.

मिनेबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ यांना सामान बांधायला तीन दिवस मिळाले. हाताने उचलता येईल तेवढंच न्यायचं. कुटुंबाला नंबर मिळाला, १३६६०. त्या नंबराच्या चिठ्ठ्या सामानालाही बांधायच्या आणि स्वतःच्या अंगावरही लावायच्या. वडिलांना सरकारने आधीच दूर दुसऱ्या छावणीत नेऊन ठेवले होते.

या दोघांना नेले ते टॅनफोरान नावाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. तिथे तबेल्यातच बिऱ्हाड! वीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद अशी ती जागा. भिंतींना घाईघाईने सफेदी मारलेली. तिच्याखाली घोड्याचे केस आणि कोळिष्टके तशीच चिकटलेली. लिदीचा वास काही जाईना. आपल्याकडे घराला लागून गोठा असतो, त्यामुळे शेणामुताचा वास आपल्याला नवा नाही. पण कुणी आपल्याला बंदुकीच्या पहाऱ्यात म्हणाला, 'आजपासून गोठ्यातच राहा', तर कसे वाटेल? पोत्यात गवत भरायचे आणि तीच गादी समजायची.

छावणीतल्या माणसांना कॅमेरा बाळगायची बंदी होती. सरकारने आपले फोटो काढणारे पाठवले होते खरे, पण डोरोथिया लँग या नामांकित बाईंनी काढलेले पुष्कळ फोटो लष्कराने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. मग इथले जिणे बाहेर कळायचे कसे? कागद आणि पेन्सिल मात्र कुणी काढून घेतली नव्हती. बाहेरचे मित्र मिनेबाईंना पत्रे आणि खाऊ पाठवीत. त्यांना इथले दिवस दाखवावेत, म्हणून बाई रोज जे दिसेल ते चितारू लागल्या. लोक येऊन गप्पा मारीत बसत आणि काम होईना. तेव्हा त्यांनी दारावर पाटी लावली, की आत साथीचा रोग आहे, येऊ नये. आम्हाला या युक्तीचे मोठे हसू आले.

बाईंनी काय काय टिपले पाहा. जेवणासाठी रांग, अंघोळीसाठी रांग, कपडे धुवायला रांग. आडोसा नसलेल्या संडासात लाजून बसलेल्या बाया. टाकाऊ फळ्या गोळा करून खुर्ची-टेबल ठोकणारे बापे. जवळजवळ प्रत्येक चित्रात एका बाजूला बाई स्वतः उभ्या आहेत, बघत. मी हे ऐकले नाही, मी इथे होते, असेच जणू त्या सांगतात. कोर्टात डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराला किंमत असते ना, तसेच हे.

सहा महिन्यांनी सगळ्यांना आगगाडीत घालून युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत नेले. ते वाळवंट. लाकडी बराकी, भोवती काटेरी तार आणि पहाऱ्याचे मनोरे. वारा सुटला की धूळ फटींतून आत येई आणि अंथरूण पांढरे होई. तिथेही चित्रे चालूच राहिली. शिवाय बाई दोन्ही छावण्यांत चित्रकला शिकवीत. १९४४ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या एका मासिकात काम मिळाले, तेव्हा त्यांची सुटका झाली. तोवर सुमारे दोन हजार चित्रे झाली होती.

त्यातली सुमारे दोनशे घेऊन १९४६ साली पुस्तक निघाले. प्रत्येक चित्राखाली दोनचार ओळी, साध्या. कुठे शिवी नाही की रडगाणे नाही. पुस्तकाचे नाव 'नागरिक १३६६०'. 'नागरिक' आणि नंबर शेजारी शेजारी ठेवले, यातच सगळे आले असे आम्हाला वाटते.

१९८१ साली सरकारच्या आयोगाने या प्रकाराची चौकशी केली. मिनेबाई साक्षीला गेल्या आणि साक्षीबरोबर त्यांनी हे पुस्तकच आयोगापुढे ठेवले. लष्करी गरज नव्हती, वंशद्वेष आणि युद्धाची भीती यांपायी हे घडले, असा निर्णय आयोगाने १९८३ साली दिला. १९८८ साली कायदा करून सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर द्यायचे ठरवले. तोवर शेहेचाळीस वर्षे गेली होती. तबेल्यात राहिलेली किती तरी म्हातारी माणसे ती माफी ऐकायला उरली नव्हती.

मिनेबाई २००१ साली वारल्या. पुस्तकाची मूळ चित्रे आज लॉस एंजेलिस शहरातल्या एका संग्रहालयात आहेत.