चौकट : बाभूळ खरी की वेडी?

बाभुळगावच्या एखाद्या कॉलेजकुमाराला निसर्गनोंदी सुरू करायच्या असतील, तर पहिला धडा गावाच्या नावातच आहे. देशी बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोल गोंडा, शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेडी ऊर्फ विलायती बाभूळ निराळी: फुलांचा तुरा लांबट, शेंग बरीचशी सलग. ही अमेरिका खंडातली पाहुणी, 19व्या शतकात मुद्दाम आणून लावलेली. वखरासाठी मात्र देशीच लागते, हे घरचे जाणते सांगतील.

दुसरी ओळख गाजर गवताची. पुण्यात ते 1950च्या दशकात नोंदलं गेलं. आता विदर्भातले धुरे आणि रस्त्यांच्या कडा त्याच्याच. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून फुलण्याआधी उपटायचं, तेही हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह होतो. त्यात शाळा-कॉलेजंही उतरतात.

उपटताना पान उलटून पाहावं. 1984 साली बंगळूरला सोडलेल्या मेक्सिकन भुंगेऱ्यांचे वंशज पावसाळ्यात हेच गवत फस्त करतात. पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेषा दिसल्या, की आधी फोटो!

मग 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर (2008, बर्कले विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प) पान, फूल, शेंग यांचे वेगवेगळे फोटो, तारीख आणि ठिकाण टाकायचं. ओळखीला दुसऱ्या जाणकाराचा दुजोरा मिळाला, की नोंद संशोधकांच्या कामाची. कुंडीतली झाडं 'लागवडीची' म्हणून कळवायची. नवखे इथेच चुकतात.