आपण नक्की कुठे आहोत?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. गाडी पकडायची घाई! टेस्टिंगवरचा जुना पसारा आवरायचा म्हणून मी 'कुबसीटीएल डिलीट नेमस्पेस पेमेंट' टाइप केलं, एंटर मारलं आणि बॅग उचलली. जिन्यातच फोन वाजला. ग्राहकांचं पेमेंटचं पान गायब!

मी प्रॉडक्शनवर होतो. नेमस्पेसचं नाव दोन्हीकडे तेच. ते उडवलं की आतले पॉड, सर्व्हिस, पासवर्डांचे सीक्रेट, सगळंच जातं. आणि ही कमांड स्वतःहून 'नक्की ना?' असं विचारतही नाही.

कुबरनेटिस म्हणजे ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा. गूगलनं २०१४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पण सुकाणू कुठल्या जहाजाचं, हे ठरवतो 'कॉन्टेक्स्ट': क्लस्टर, युजर आणि नेमस्पेस यांची जोडगोळी (तिघं आहेत, पण चालवून घ्या). गोम अशी, की चालू कॉन्टेक्स्ट कॉन्फिग फाइलमध्ये साठवला जातो, म्हणजे तो सगळ्या टर्मिनल खिडक्यांना लागू. मी दुपारी दुसऱ्याच खिडकीत लॉग बघायला प्रॉडक्शनवर गेलो होतो. परत यायचं राहिलं.

रात्री अडीचला पान परत उभं राहिलं. यामलच्या फाइली गिटमध्ये होत्या म्हणून वाचलो.

आता प्रॉडक्शनची कॉन्फिग फाइल वेगळी, तिची खिडकीही वेगळी, आणि प्रॉम्प्टवर कॉन्टेक्स्टचं नाव लालभडक. शिवाय तिथला डिलीटचा अधिकार माझ्या रोजच्या खात्याकडून मीच काढून घ्यायला लावला. टीममध्ये दोन दिवस यथेच्छ चेष्टा झाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्यानं हळूच विचारलं, ''तो लाल प्रॉम्प्ट कसा करतात रे?''