बोन्साय विकायचंय? मग आधी पान उलटून बघा!



आणे पठारावर बोन्साय नर्सरी करायची म्हणता? जागा वाईट नाही. घाट उतरून आळेफाट्याला आलं की पुणे, नाशिक, कल्याण तिन्हीकडे रस्ते जातात. पण एक हिशोब आधी करा. टोमॅटोला कीड लागली तर एक हंगाम जातो. बोन्सायला लागली तर पाच-सात वर्षांची मेहनत जाते. आणि किडीचं झाड विकलंत, तर गिऱ्हाईकाच्या बाल्कनीतली बाकीची झाडंही खराब होतात. तो परत येत नाही, वर चार जणांना सांगतो.

कीड ओळखा

- पिठ्या ढेकूण (मिलीबग): फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका. द्राक्षवाल्यांना हा चांगलाच माहीत आहे. कुंडी बदलताना मुळांवरही बघा.
- खवले कीड: सालीवर तपकिरी टिकल्या. नखाने खरवडली की निघते. सालीचाच भाग असेल तर निघत नाही.
- मावा: कोवळ्या शेंड्यावर घोळका, पानं चिकट.
- फुलकिडे: वड-पिंपरीच्या जातीत पान मधोमध दुमडतं. उघडून बघा, आत बारीक काळे किडे दिसतील.
- लाल कोळी: हा कीटक नाही, आठ पायांचा कोळी आहे. पठारावरच्या कोरड्या उन्हाळ्यात याच्यावर जास्त लक्ष ठेवा. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्या. ठिपके चालायला लागले, की समजा आला!

कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर दुर्लक्ष करू नका. मावा, मिलीबग गोड चिकटा सोडतात, मुंग्या त्यासाठीच येतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते.

उपाय, याच क्रमाने

1. लागण झालेलं झाड लगेच बाजूला ठेवा.
2. माती प्लास्टिकने झाका आणि पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मावा, कोळी बरेचसे इथेच कमी होतात.
3. मिलीबग, खवले जुन्या मऊ टूथब्रशने काढा. दुमडलेली पानं तोडून नष्ट करा.
4. पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, गाळा आणि एकूण एक लिटर करा. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून वाळवून ठेवल्या तर खर्च जवळपास शून्य!
5. संध्याकाळीच फवारा. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत.

जेडसारख्या जाड पानाच्या झाडावर आधी एकाच पानावर करून बघा, दोन दिवस थांबा. एवढं करूनही कीड हटली नाही, तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. दुकानदार देईल ते औषध मारत बसू नका. कीटकनाशकाने कोळी जाईलच असं नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो.

धंद्याचे तीन नियम

- नवीन आणलेलं झाड तीन आठवडे वेगळं ठेवा.
- दर रविवारी प्रत्येक झाड भिंगातून बघा आणि वहीत नोंद करा.
- तपासल्याशिवाय एकही कुंडी विकू नका, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

औषधाचा खर्च शेवटी येतो, नजरेचा पहिला. शंभर रुपयांचं भिंग घ्या आणि या रविवारपासून सुरुवात करा!