पोस्टडॉक म्हणजे नेमकं काय? राज्यशास्त्राचा संशोधक कशेळ्यात येऊन काय शोधेल?

कर्जत स्टेशनवरून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की कशेळे येतं. भीमाशंकरच्या ट्रेकला खांडसकडे निघालेले बरेच जण इथूनच पुढे जातात. रस्त्याच्या आजूबाजूला फार्महाऊस आणि 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड दिसतात. थोडं आत गेलं की ठाकर आणि कातकरी वाड्या लागतात.

राज्यशास्त्रात पीएचडी केलेल्या एखाद्याने 'मी पोस्टडॉकसाठी कशेळ्यात राहणार आहे' असं सांगितलं, तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टरेट झाली ना, मग आता पुन्हा कसलं शिक्षण?' त्यामुळे सुरुवात तिथूनच करूया.

पोस्टडॉक ही पदवी आहे का?

नाही. पीएचडी ही शेवटची पदवी. पोस्टडॉक म्हणजे त्यानंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम. त्यासाठी परीक्षा नसते, पदवीदान समारंभ नसतो आणि नावापुढे नवीन अक्षरंही लागत नाहीत. पीएचडीत मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली संशोधन कसं करायचं ते शिकता येतं. पोस्टडॉकमध्ये स्वतःचा प्रश्न घेऊन ते स्वतंत्रपणे करून दाखवायचं असतं.

याचे साधारण दोन प्रकार आहेत. पहिल्यात संशोधक स्वतःचा प्रस्ताव देऊन फेलोशिप मिळवतो आणि एखाद्या विद्यापीठाशी किंवा संस्थेशी संलग्न राहून काम करतो. दुसऱ्यात एखाद्या प्राध्यापकाच्या मोठ्या प्रकल्पावर त्याची नेमणूक होते. प्रकल्प संपला की पदही संपतं.

पैसे कोण देतं?

सामाजिक शास्त्रांसाठी देशातली मुख्य संस्था म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. तिची पोस्टडॉक फेलोशिप पूर्णवेळ आणि दोन वर्षांची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ सप्टेंबर २०२२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने पोस्टडॉक फेलोशिप जाहीर केली. तेव्हा सर्व विषय मिळून ९०० जागा, त्यातल्या ३० टक्के महिलांसाठी, आणि दरमहा ५० हजार रुपये अशी घोषणा होती. हे ९०० संपूर्ण देशासाठी. राज्यशास्त्राच्या वाट्याला त्यातलं किती येणार, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग नोकरी मिळते का?

हमी नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला २ गुण धरले आहेत, कमाल १०. म्हणजे दोन वर्षांचं पोस्टडॉक मिळून ४ गुण. तेही मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचायला. अंतिम निवड मुलाखतीवर होते.

म्हणून अनेकांसाठी पोस्टडॉक हा पीएचडी आणि कायम नोकरी यांच्यामधला पूल असतो. दुसऱ्या टोकाला जागाच निघाली नाही, तर पस्तिशी ओलांडलेला माणूस पुढची फेलोशिप शोधत बसतो.

पण कशेळ्यात राज्यशास्त्राचं काय काम?

राज्यशास्त्र म्हणजे फक्त निवडणुका आणि पक्ष, हा गैरसमज आहे. सत्ता कुणाकडे आहे, नियम कुणाला लागू होतो आणि सरकारी कागदावर कुणाचं नाव येतं, हे या विषयाचे मूळ प्रश्न आहेत. कशेळे परिसरात ते पावलोपावली भेटतात.

एक उदाहरण बघा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे. तो फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो. महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे, पण रायगड त्यात नाही. घाट चढून पलीकडे गेलं की पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा काही भाग पेसात येतो. खाली कर्जतच्या वाड्या मात्र येत नाहीत. डोंगर एकच आहे, दोन्हीकडे आदिवासी वस्ती आहे, आणि ग्रामसभेचं बळ वेगवेगळं. याचा लोकांच्या रोजच्या आयुष्यावर काय परिणाम होतो? पोस्टडॉकसाठी हा एक नेमका प्रश्न झाला.

दुसरं उदाहरण मतदारसंघाचं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांचा विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभेत मोडतो. त्याच लोकसभेत पिंपरी आणि चिंचवडही आहेत. वाडीतल्या पाण्याचा प्रश्न आणि औद्योगिक शहरातल्या सोसायटीचा प्रश्न एकाच खासदाराकडे जातो. कुणाचं जास्त ऐकलं जातं, हे मोजता येतं का?

असं संशोधन इथे झालंय का?

झालंय, आणि त्याचं केंद्र कशेळ्याजवळच होतं. इथली अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था अनेक वर्षं आदिवासींमध्ये काम करत आली आहे. धान्य बँकेच्या उपक्रमासाठी ती ओळखली जाते. या संस्थेचे राजीव खेडकर आणि कॅनडातले संशोधक डॅनियल बकल्स यांनी सहकाऱ्यांसह केलेलं काम २०१३ मध्ये 'फायटिंग एव्हिक्शन' या इंग्रजी पुस्तकात आलं. विषय होता कातकरी वाड्यांवरची बेदखलीची टांगती तलवार.

हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात, बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. मजूर हवे होते तोवर मालकांना त्यांची अडचण नव्हती. मुंबई-पुण्याकडून जमिनीला मागणी आली, भाव चढले आणि कुंपणं पडू लागली. घर आहे, पण घराखालची जमीन आपली नाही. त्यावर उपाय म्हणजे वाडीला गावठाण म्हणून मान्यता मिळवणं.

या कामाचं वेगळेपण पद्धतीत होतं. वाडीतले लोक इथे फक्त माहिती देणारे नव्हते. आपल्या वाडीची स्थिती काय, मालकाशी बोलायचं की तहसीलदाराकडे जायचं, त्यात धोका कोणता, हे त्यांनी संशोधकांबरोबर बसून तपासलं. याला कृती-संशोधन म्हणतात.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण वेळेची. बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत प्रश्नावली घेऊन आलेल्या संशोधकाला कुलूपबंद घरं भेटतील. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये वाडी भरलेली असते असे पावसाळे दोनच. शिवाय वनहक्काचा किंवा गावठाणाचा दावा कार्यालयांतून फिरत राहतो, तो फेलोशिपच्या मुदतीत निकाली निघेलच असं नाही.

दुसरी अडचण भरवशाची. आधी कुणीतरी येऊन नावं, आधार क्रमांक आणि अंगठे घेऊन गेलेलं असतं. त्यामुळे संशोधन कशासाठी, नाव छापणार का, नाही म्हटलं तर चालेल का, हे आधी मराठीत, सोप्या भाषेत सांगून संमती घ्यावी लागते. जमीनमालकाशी वाद असलेल्या वाडीत एक नाव चुकीच्या ठिकाणी छापलं गेलं, तरी त्या घराचा रोजगार जाऊ शकतो.

तिसरी अडचण भाषेची. पोस्टडॉकचं मोल इंग्रजी शोधनिबंधांवर ठरतं. ज्यांच्याबद्दल तो लिहिला, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

याचा आपल्याशी काय संबंध?

फेलोशिपचा पैसा बहुतेक वेळा सरकारी, म्हणजे आपला असतो. त्यामुळे दोन प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. लोकांचं आयुष्य समजून घ्यायला संशोधकाला पुरेसा आणि स्थिर वेळ मिळतोय का? आणि जे समजलं ते वाडीत परत येतंय का?

तुमच्या गावात कुणी प्रश्नावली घेऊन आलं, तर उत्तरं द्यायची की नाही हे तुम्ही ठरवू शकता. पण निदान एक प्रश्न उलट नक्की विचारा : 'लिहून झालं की आम्हाला वाचून दाखवायला येणार का?'